गेशेच्या तीन वह्या

२ नोव्हेंबर २०१७

माशांची अकरावी सळई धुराच्या भट्टीत सरकवली, दार ओढून घेतलं आणि हात पुसून लिहायला बसलो. पहिला अर्धा तास इथून हलता येत नाही. कागदाला धुराचा वास लागेल. तुला चालेल असं धरतो.

गेशे, हेरिंग यंदा बारीक आहे. वाम तर जवळजवळ नाहीच. डेन्मार्कच्या माणसाकडून आठवड्याला वीस किलो घेतो आणि तो सांगेल तो भाव देतो. काउंटरवर आता तुझ्या जागी तुझी वहिनी उभी राहते, इंके. नवऱ्याच्या दुकानात कधी पाय ठेवणार नाही असं लग्नात म्हणाली होती, ते तिने सव्वीस वर्षं पाळलं. ती सुटे दोनदा मोजून देते आणि गिऱ्हाईक तिसऱ्यांदा मोजतं. सोमवारी लोरेन्सेनबाईंनी तिला विचारलं, ती दुसरी कधी येणार. इंके म्हणाली, "ती दुसरी नव्हती, आजी. ती पहिली होती. दुसरी मी आहे."

कामाचं लिहितो. कर कार्यालयाचा कागद आला. २०१३, १४ आणि १५ या तीन वर्षांचे मिळून अडतीस हजार चारशे युरो. आपल्या रोकडवह्या त्यांनी बाजूला ठेवल्या आहेत आणि विक्री अंदाजाने धरली आहे. वह्या विश्वसनीय नाहीत, असा शब्द आहे. सल्लागार म्हणतो, हरकत घेता येईल, अर्ध्यावर मिटेल. त्यासाठी त्याला तुझ्या सहीचा एक कागद हवा आहे. सोबत जोडला आहे. त्यात इतकंच आहे की त्या तीन वर्षांच्या वह्या तू ठेवत होतीस आणि दुकानाच्या धांदलीत काही नोंदी चुकल्या असाव्यात. 'असाव्यात' मी घालून घेतलं. त्याने 'चुकल्या' असं लिहिलं होतं.

तुझ्यावर काही येणार नाही. तू पगारी होतीस. नुकसान मालकाचं.

मार्चमध्ये तू गेलीस त्या दिवसाबद्दल इथे लिहीत नाही. लिहायचं तर बरंच आहे आणि आता भट्टी उघडायला हवी.

ब्रोडर

सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आहे. इंके म्हणते, हे पाकीट ती पोस्टात टाकणार नाही, मला पाय आहेत. मीच टाकतो.


१९ नोव्हेंबर २०१७

गेशे,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर एवढंच: सही करणार नाही, माझ्या वह्या कुठे आहेत? मागे बोटीचं चित्र आहे. ते इंकेने खिडकीत लावलं आहे, चित्र आतल्या बाजूला आणि तुझं अक्षर रस्त्याकडे. मी उलटं केलं, तिने पुन्हा सुलटं केलं.

वह्या कर कार्यालयात आहेत. तू विचारतेस त्या या नव्हेत, हे मला कळतं.

तुझ्या वह्यांची अवस्था तुला ठाऊक आहे. काउंटरखाली, ओल्या फडक्यांशेजारी. प्रत्येक पानाला तेलाचं बोट. २०१४ च्या वहीत एप्रिलमध्ये एक अख्खं खवलं चिकटलेलं होतं. तपासणीची नोटीस जानेवारीत आली. दुकान बंद होतं आणि तू समुद्राकाठी गुडघ्याच्या उपचाराला गेली होतीस. तीन आठवडे माझ्या हाताशी होते. मला वाटलं, असल्या वह्या तपासणीला येणाऱ्या परक्या बाईपुढे ठेवणं बरं नाही.

शाळेत आपण गृहपाठ दोनदा लिहायचो. आधी कच्चा, मग पक्का. गुरुजी पक्का बघायचे. कच्चा आई शेगडीत घालायची आणि त्याबद्दल तिला कधी कोणी काही विचारलं नाही. मी तीन नव्या वह्या आणल्या, तारखा घातल्या, रेघा मारल्या आणि सगळं पक्कं करून काढलं. आकड्याला आकडा. यात लबाडी कुठे आहे ते मला अजून कोणी नीट समजावलेलं नाही. त्यांचं म्हणणं इतकंच की पहिल्यांदा लिहिलेलं तेच कामाचं, मग ते कसंही असो. पक्क्याला किंमत नाही. हे शाळेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बंदरावर मोम्मे येसेन भेटला. अंत्यमंडळाच्या पेटाऱ्याची किल्ली तू त्याला पोस्टाने पाठवलीस म्हणे. चिडला नव्हता, गोंधळला होता. मंडळाला साडेतीनशे वर्षं झाली आणि तेवढ्यात किल्ली कधी पोस्टाने आल्याचं त्याच्या ऐकिवात नाही. गावात कोणी गेलं की शवपेटी, मेणबत्त्या आणि खांद्याला सहा माणसं, हे सगळं त्या पेटाऱ्यातून होतं. त्याचा हिशेब दर फेब्रुवारीत उभं राहून वाचतात आणि गेली अकरा वर्षं तो तू वाचलास. आता कोण वाचणार, असं तो मला विचारत होता. मी म्हटलं, मला काय विचारतोस. तो म्हणाला, "मग कोणाला विचारू? बहीण तुझी."

किल्ली तू स्वतःहून द्यायला नको होतीस. त्यामुळे लोकांना जे वाटतं ते पक्कं झालं.

तू फ्लेन्सबुर्गच्या वृद्धाश्रमात कपड्यांवर नावं शिवतेस, असं इंकेकडून कळलं. तिथे कचेरीत हिशेबाचीही जागा होती असं ऐकलं. ती तुला का मिळाली नाही ते माहीत नाही.

ब्रोडर


१० डिसेंबर २०१७

गेशे,

मागच्या पत्रात दोन गोष्टी खोट्या आहेत. आकड्याला आकडा उतरवला नाही. आणि ती जागा तुला का मिळाली नाही ते मला माहीत आहे.

क्रमाने लिहितो.

एकोणीस वर्षांत मी तुझी वही कधी वाचली नव्हती. महिन्याची बेरीज तू मला सांगायचीस, सल्लागाराला पाठवायचीस, आणि मी मान हलवायचो. जानेवारीत पहिल्यांदा वाचली. उतरवायचं म्हणजे प्रत्येक ओळ वाचावीच लागते.

१२ मार्च. ४.१० जास्त. लोरेन्सेनबाई सुटे विसरल्या.
१३ मार्च. ४.१० कमी. त्यांचे त्यांना दिले.
९ ऑक्टोबर. ५ कमी. मी चुकले.
३० नोव्हेंबर. ०.७० कमी. सापडत नाही.

हे आठवणीतून लिहितोय. आणखीही आठवतात. आई गेली त्या दिवशी तू शून्य लिहून खाली रेघ मारली आहेस, रोज मारायचीस तशीच, पट्टीने. मला तो दिवस आठवायचा तर मी काय करत होतो ते आठवत नाही. तू काय लिहिलंस ते आठवतं.

'सापडत नाही' किती ठिकाणी होतं ते मी मोजलं नाही. मोजलं ते वेगळंच. ६० कमी, ब्रो. ४० कमी, ब्रो. तीन वर्षांत दोनशे चौदा वेळा. एकूण अकरा हजार तीनशे सत्तर.

मी गल्ल्यातून घ्यायचो. डिझेलला, न्हाव्याला, बंदरावर चार जणांच्या बिअरला. दुकान माझं, गल्ला माझा, त्यात विचारायचं काय, असं वाटायचं. चिठ्ठी ठेवत जा असं तू पहिल्या वर्षी दोनदा सांगितलंस. नंतर सांगितलं नाहीस, फक्त लिहिलंस. १७ ऑगस्टच्या ओळीत होतं: १५० कमी, ब्रो., विचारलं तर ओरडला.

ती ओळ वाचून मी वही मिटली आणि बाहेर जाऊन लाकडं रचली. रचलेलीच होती, पुन्हा रचली. कर कार्यालयातली एक बाई मागच्या खोलीत बसून ही ओळ वाचेल, असं सारखं डोळ्यांपुढे येत होतं. वाचेल, मग मान वर करून माझ्याकडे बघेल. परत आलो आणि ब्रो. वगळायला लागलो.

पण ब्रो. वगळला की त्या संध्याकाळचा मेळ बसत नाही. साठ युरो गेले कुठे? कुठेच गेले नाहीत असं दाखवायचं तर ते आलेच नाहीत असं लिहावं लागतं. म्हणून त्या दिवसाची विक्री साठने कमी लिहिली. भट्टीतून निघालेली, मी स्वतः बांधून दिलेली वाम त्या दिवशी विकलीच गेली नाही. पहिल्या दिवशी हात अडखळला. नंतर सवय झाली. मग तुझे चार-दहाही वगळले आणि सत्तर सेंटही. आठशे साठ दिवस, प्रत्येक संध्याकाळ सेंटला सेंट. काम संपलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. तेही लिहून ठेवतो.

तुझ्या तीन वह्या अठ्ठावीस जानेवारीला भट्टीत घातल्या. पुठ्ठा पेटत नाही, धुमसतो. खूप वेळ लागला.

कर कार्यालयाच्या टिमकेबाई मार्चमध्ये तपासणीला आल्या. दोन दिवस मागच्या खोलीत एकट्या बसल्या. आपली कॉफी घेतली नाही, घरून आणली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मला आत बोलावलं. तू दुकानात होतीस, त्यामुळे हे तुला माहीत नाही.

त्या म्हणाल्या, "केटेलसेन, माझ्या आईची बेकरी होती. तिचा गल्ला दर शनिवारी चुकायचा. तुमचा चुकत नाही?"

मी म्हटलं, आम्ही काळजी घेतो.

"आठशे साठ दिवस?"

मी हो म्हटलं.

मग त्यांनी दुसरे कागद काढले. सल्लागाराकडून गेलेल्या महिन्याच्या बेरजा. तुझ्या. तुझ्या वह्या मी जाळल्या, पण तुझ्या बेरजा केव्हाच त्यांच्याकडे पोचलेल्या होत्या, आणि हे मला एकदाही आठवलं नव्हतं.

"वहीत जेवढी विक्री आहे त्यापेक्षा अकरा हजारांनी जास्त विक्रीवर तुम्ही कर भरलाय," त्या म्हणाल्या. "कमी भरणारे मला रोज भेटतात. जास्त भरणारे तुम्ही बावीस वर्षांत पहिले."

त्या हसल्या नाहीत. खरी वही कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, हीच. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. मालकाने स्वतःच्या गल्ल्यातून पैसे उचलले तर गुन्हा होत नाही. उचल म्हणून लिहिलं की झालं. गल्ला कमी भरला तर तोही गुन्हा नाही. कमी भरला असं लिहायचं. "चुका असलेली वही असती तर मी काल दुपारीच घरी गेले असते," त्या म्हणाल्या. "ही वही मला घरी जाऊ देत नाही. आता इथे जे लिहिलं नाही ते सगळं मला शोधावं लागणार. वही लिहितं कोण?"

तेवढ्यात तू सुटे न्यायला आत आलीस. त्यांनी वही तुझ्याकडे सरकवली. तू दोन पानं उलटलीस. मग माझ्याकडे पाहिलंस.

मी म्हटलं, "माझी बहीण लिहिते. एकोणीस वर्षं."

वाक्य खरं होतं. मी ते नंतर पुष्कळदा तपासलं. त्यात एकही शब्द खोटा नाही.

तू वही मिटून टेबलाच्या कडेला नीट लावून ठेवलीस. सुट्यांची पुडी उचललीस. बाहेर जाऊन गिऱ्हाइकाचे उरलेले पैसे दिलेस आणि मग गेलीस. तू तेव्हाच का बोलली नाहीस, असं मी इंकेला विचारायचो, जणू चूक तुझी होती. तू मला वेळ देत होतीस. मी तो घेतला नाही.

त्या आठवड्यात मोम्मेने बंदरावर विचारलं, काय निघालं तपासणीत. मी म्हटलं, वह्यांत अकरा हजारांचा फरक आहे. तो म्हणाला, वह्या गेशेकडे ना? मी हो म्हटलं. तेही खरं होतं. रविवारपर्यंत गावात अकरा हजार तू घेतलेले होते. पावाच्या दुकानात एकीने इंकेला ऐकवलं, "तरीच म्हटलं, तेवढ्या पगारात नवी सायकल कशी आली."

आणि वृद्धाश्रमातून मला फोन आला होता, जूनमध्ये. कचेरीत हिशेबाला घ्यायचंय, तुमच्याकडच्या कामाबद्दल काही सांगाल का, असं त्या बाईने विचारलं. चांगली वाटली बोलायला. मी म्हटलं, सध्या तपासणी चालू आहे, काही बोलता येत नाही. ती म्हणाली, समजलं. मी म्हटलं, धन्यवाद.

परवा इंकेला सगळं सांगितलं. ती जेवत होती. ऐकता ऐकता तिने जेवण संपवलं, ताट धुतलं, पुसलं.

"म्हणजे माझे कानातलेही त्या वहीत होते?" ती म्हणाली.

"होते. चौदा मे. नव्वद."

"मला म्हणालास दीडशेचे आहेत."

तिने पुसलेलं ताट फडताळात ठेवलं.

"जाळायच्या आधी मला तरी दाखवायच्या होत्यास. सव्वीस वर्षांत या घरातला पैसा कुठे जातो ते फक्त तुझ्या बहिणीला ठाऊक होतं, आणि तिलाच घालवलंस."

सल्लागाराला अजून सांगितलेलं नाही. 'समजा कोणी जुन्या वह्या जाळल्या असतील तर' असं आडून विचारलं. तो म्हणाला, खटला होईल, अडतीस हजारांतला एक सेंट कमी होणार नाही, आणि बँकेला कळलं तर कर्जही परत मागतील. नव्या भट्टीचं कर्ज अजून सहा वर्षं आहे. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या कोणीला सांगा, तोंड बंद ठेव. बहिणीची सही आण."

सहीचा कागद फाडून टाक.

माफ कर. हे पहिल्या पत्रात पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

ब्रोडर


२२ फेब्रुवारी २०१८

गेशे,

तुझ्या दोन ओळी नाताळच्या आधी आल्या, एवढ्याच: हे मला ठाऊक होतं. मला सांगून काय होणार?

तेव्हापासून तो कागद जेवणाच्या टेबलावर आहे. इंके त्याला हात न लावता आजूबाजूला ताटं मांडते. मी उत्तर लिहायला चारदा बसलो. प्रत्येक वेळी काहीतरी समजावून सांगायला लागायचो आणि थांबायचो.

आज दुपारी तीनला मंडळाची सभा होती. आता सहा वाजलेत. विसरायच्या आत लिहितो, जसं झालं तसं.

पेटारा मध्ये टेबलावर. दोन्ही कुलपं मोम्मेनेच उघडली, आधी स्वतःच्या किल्लीने, मग तुझ्या. तो हे करत होता तेव्हा सगळे खाली बघत होते. हिशेब वाचायला कोणी पुढे येईना. शेवटी त्यानेच वही घेतली आणि उभा राहिला. त्याला आता जवळचं दिसत नाही. तुझी वही हाताच्या अंतरावर धरून, एकेक ओळ चाचपडत वाचत होता. फेब्रुवारीतली वर्गणी. मार्चमधलं एक दफन. मार्चच्या अखेरीला तू गेलीस, पण वही तुझ्यासोबत होती आणि किल्लीबरोबर परत पाठवेपर्यंत तू ती लिहीत राहिलीस, हे मला तिथे बसल्यावर कळलं. लोक तुझ्याबद्दल काय बोलतात ते तुला कळत असणार, आणि तू त्यांच्या मेणबत्त्या लिहीत होतीस.

जूनची ओळ आली. मोम्मेने वाचली: मेणबत्त्या, ३.२० कमी पडले, माझे घातले, परत घेतले नाहीत.

मागून हारो सुतार म्हणाला, "घेईल कशाला? तीन-वीस घातले, अकरा हजार काढले. धंदा वाईट नाही."

हसले. फार नाही, चार-पाच जण. वाईट मनाने नाही, हारो बोलला की हसतात तसे.

मी उभा राहिलो. ठरवून गेलो होतो असं लिहिणार नाही. हरवलेलं कोणी शोधत असावं आणि वस्तू आपल्या खिशात असावी तसं झालं, खिशात हात गेला.

मी म्हटलं, "अकरा हजार गेशेने काढले नाहीत. मी काढले. पैसे माझेच होते. तिने प्रत्येक वेळचे लिहून ठेवले होते. मी तिच्या वह्या जाळल्या आणि दुसऱ्या लिहून कर कार्यालयात दिल्या. त्या वह्यांत तिचं एक अक्षर नाही."

स्वयंपाकघरात बायका कपबशा लावत होत्या, तो आवाज थांबला.

मोम्मेने विचारलं, "कधी जाळल्यास?"

"गेल्या वर्षी जानेवारीत."

"वर्ष झालं."

"हो."

"मी तुला बंदरावर विचारलं होतं, वह्या तिच्याकडे ना. तू हो म्हणालास."

"म्हणालो."

"म्हणजे हे गावभर मी केलं," तो म्हणाला. "तू फक्त हो म्हणालास."

मी खाली बसायला लागलो, तर तो म्हणाला, बसू नकोस. पुढे आला आणि तुझी वही माझ्या हातात दिली. "मला दिसत नाही. तू वाच. पहिल्यापासून."

मी वाचलं. पन्नास मिनिटं लागली. दर ओळ, दर पावती, कोणाच्या शवपेटीला किती, खांदेकऱ्यांच्या दारूला किती, कोणी वर्गणी उशिरा दिली आणि कोणाची तू माफ केलीस. दोन ठिकाणी तू 'मी चुकले' लिहिलं आहेस. तेही वाचलं. शेवटी शिल्लक मोजली. वहीपेक्षा एक युरो कमी भरली. तू खाली लिहिलं होतंस: १ कमी, सापडत नाही. मोम्मेने विचारलं, हिशेब मंजूर? सगळ्यांनी हात वर केले. हारोने सगळ्यात आधी.

मग केक आणि कॉफी. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. कॉफी मात्र मला दिली, आणि दूध हवं का तेही विचारलं. हारो जाताना माझ्याजवळ थांबला. मला वाटलं काही बोलेल. तो मागे कपबशा गोळा करणाऱ्या इंकेला म्हणाला, तुझ्या नणंदेचा पत्ता दे.

किल्ली मोम्मे पोस्टाने पाठवणार नाही. पुढच्या मंगळवारी बसने स्वतः घेऊन येईल. त्याला येऊ दे. घेशील की नाही ते त्यालाच सांग, मला कळवू नकोस.

वृद्धाश्रमातल्या बाईंना मी सोमवारी फोन करणार होतो. इंके म्हणाली, फोनवर तू काय बोलतोस ते आपण पाहिलंय, लिहून दे. लिहून ठेवलं आहे. एक पान आहे. तिने वाचलं आणि एक वाक्य खोडलं. त्यात मी स्वतःबद्दल लिहिलं होतं.

गावाला सांगून झालं. पण ज्या वह्यांवर तुझं नाव आहे त्या गावात नाहीत, कर कार्यालयात आहेत. सल्लागाराला फोन केला. तो म्हणाला, उद्या तिथे गेलात तर माझं नाव घेऊ नका. इंकेने दुकानाच्या दारावर पाटी लावली आहे: उद्या दुपारपर्यंत बंद. भट्टी आज पेटवली नाही.

तू परत ये असं मला लिहिता येत नाही. दुकान राहील की नाही ते ठाऊक नाही, आणि राहिलं तरी त्या काउंटरमागे उभं राहायला तुला सांगायचा हक्क मला नाही.

ब्रोडर


२३ फेब्रुवारी

पत्र काल टाकलं नव्हतं, म्हणून याच पानावर लिहितो.

साडेआठला कर कार्यालयात गेलो. टिमकेबाई सुट्टीवर होत्या. दुसऱ्या एका साहेबांनी जबाब घेतला. चार पानं झाली. त्यांनी प्रत्येक पान मला वाचून दाखवलं आणि मी प्रत्येकावर सही केली. खटल्याचं पत्र घरी येईल म्हणाले. मी जबाबाच्या दोन प्रती मागितल्या. एक येताना बँकेत दिली. दुसरी या पाकिटात आहे.